वजनात चूक नाही

शहराच्या उत्तर नाक्यावर वजनकाटा आहे. जमिनीशी समतल बसवलेला एक लांबलचक लोखंडी पाट, त्यावर ट्रक चढतो, थांबतो, आणि शेजारच्या खोलीत लाल आकडे उमटतात. त्या खोलीत एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला ड्रायव्हर लोक काटेसाहेब म्हणत. साहेब ते कुणाचेच नव्हते. हाताखाली कुणी नाही आणि डोक्यावर पंधरा जण, अशी त्यांची नोकरी. पण नाव पडलं ते पडलं, आणि पुढे पुढे कार्यालयातून येणाऱ्या पाकिटांवरही तेच लिहून येऊ लागलं.

माणूस सरळ होता. इतका सरळ की जवळच्यांना टोचायचा. ट्रक पाटावर आला की ड्रायव्हरने खाली उतरायचं, जोडीदाराने खाली उतरायचं, इंजिन बंद, आणि आकडा स्थिर होईपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. एकदा भर उन्हात एक कुत्रं ट्रकच्या सावलीला पाटावर येऊन झोपलं. काटेसाहेबांनी पावती फाडली नाही. मागे चौदा ट्रक खोळंबले, हॉर्नचा नुसता गदारोळ. ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, कुत्र्याचं वजन ते काय असणार."

"तेच तर मला माहीत नाही," काटेसाहेब म्हणाले.

कुत्र्याची झोप पुरी झाली तेव्हा पावती मिळाली.

त्यांच्या लग्नाची बोलणी दोनदा झाली होती. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी जे विचारलं त्याची त्यांनी खरीखुरी उत्तरं दिली, आणि दोन्ही वेळा पुढे काही झालं नाही. तेव्हा घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, म्हणून ताईने अठराव्या वर्षी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात काम धरलं आणि धाकट्याला शिकवलं. मध्ये तिचं लग्न झालं. चार वर्षांनी नवरा गेला आणि ती परत आली, त्याच दोन खोल्यांत आणि त्याच कारखान्यात. तिच्याविषयी काटेसाहेब चारचौघांत कधी बोलत नसत. पण तिला यायला अर्धा तास उशीर झाला की ते जिन्यात जाऊन उभे राहत आणि ती दिसली की आत येऊन वर्तमानपत्र उघडून बसत.

हा कारखाना नीट समजून घेतलेला बरा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येऊन पडलं. आजूबाजूच्या गावांतून दुधाच्या, सरबताच्या रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरून ट्रकने तिथे येत. गरम सोड्याच्या पाण्यात त्या भिजत, लेबलं सुटत, आतून ब्रश फिरे, मग स्वच्छ पाण्याने निथळून त्या एका सरकत्या पट्ट्यावरून उजळ पांढऱ्या पडद्यासमोरून जात. पडद्यासमोर बायका बसत. तडा गेलेली, तोंडाचा कपचा उडालेली, तळाला काही चिकटलेली बाटली दिसली की उचलायची. मिनिटाला ऐंशी बाटल्या. वीस मिनिटांत डोळे शिणतात म्हणून जागा बदलायची. ताईचे डोळे अडतीस वर्षांत शिणले नाहीत. तिच्या हातून एक फुटकी बाटली पुढे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घरातसुद्धा पाण्याचा पेला खिडकीच्या उजेडाकडे धरल्याशिवाय ती तोंडाला लावत नसे. पारखलेल्या बाटल्या पुन्हा त्याच गावांत भरायला जात. एक बाटली अशी पंचवीस वेळा तरी फिरते, असं ती सांगायची.

भावाबहिणीचा स्वभाव एकाच घाटाचा होता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ती चूक शोधून काढायची आणि तो चूक होऊ द्यायचा नाही.

आता शहराचं. शहराने ऊर्जा वाचवायचं मनावर घेतलं त्याला बारा वर्षं झाली होती. रस्त्यावरचे दिवे बदलले. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या खाली थांबेनाशी झाली. कार्यालयांतली थंड हवेची यंत्रं काढली आणि गंजलेल्या खिडक्या उघडायचा हुकूम निघाला, त्यात दोघा शिपायांची बोटं चेमटली. मग मोठ्या भट्ट्यांवर गदा आली. फरशीचा कारखाना गेला, लोखंड ओतायचा गेला, काचेचा तर सगळ्यांत आधी गेला. मीटर झरझर खाली आले. चौकात फलक लागला की शहर आता पूर्वीच्या दोन तृतीयांश ऊर्जेत चालतं. लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले.

फरशी मात्र लोकांना लागतच होती. लोखंडही लागत होतं. ते आता नाक्यावरून आत येऊ लागलं, दूरच्या कुठल्या भट्टीत भाजून आणि वाटेत मनसोक्त डिझेल जाळून. कुणी त्याचा शब्द काढत नव्हतं. फलक इतका छान दिसत होता की त्याला नख लावायचं कुणाच्याही जिवावर आलं असतं.

ते काम ऊर्जा कक्षात नव्याने आलेल्या मॅडमनी केलं. मॅडम तिशीच्या, सायकलवरून येणाऱ्या, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघणाऱ्या. भरसभेत त्या म्हणाल्या, "भट्टी वेशीबाहेर ढकलली म्हणून आग विझत नाही. आपण जी वस्तू आणतो, ती बनवायला लागलेली ऊर्जा तिच्या पोटात असते. ती आपल्याच नावावर धरायला हवी." कागदोपत्री तिला अंतर्भूत ऊर्जा असं भारदस्त नाव होतं. नाक्यावर पोचेपर्यंत तिचं 'पोटातली' झालं.

"साहेब, माझ्याही पोटातली मोजा," ड्रायव्हर काट्यावर उतरताना म्हणायचे. "सकाळपासून काही गेलेलं नाही."

मोजणी कशी होणार, तर काट्यावर. आत येणारा प्रत्येक ट्रक तोलायचा आणि मॅडमनी दिलेल्या यादीतून मालाचा प्रकार लिहायचा. यादीत बावीस प्रकार होते: लोखंड, सिमेंट, कागद, काच, धान्य असे. प्रत्येक प्रकाराच्या एका टनाच्या पोटात किती ऊर्जा, ते कक्षाने आधीच ठरवून ठेवलं होतं. बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद पुढच्या वर्षी सुरू करू असं ठरलं. एका दमात सगळं कुठे होतं. मॅडम स्वतः काट्याच्या खोलीत येऊन बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, हे सगळं तुमच्यावर उभं आहे. तुमचा आकडा चुकला तर माझं सगळंच चुकेल."

"आकडा चुकणार नाही," काटेसाहेब म्हणाले. ही फुशारकी नव्हती. सूर्य उगवेल असं म्हणावं तितक्या साधेपणाने ते म्हणाले.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मिळाला होता. तेव्हा त्यांनी सहज एका ट्रकची ताडपत्री उचलून आत डोकावलं होतं. काट्यावरच्या म्हाताऱ्याने त्यांना सगळ्यांदेखत झापलं. "तुझं काम वजन. आत सोनं असो की शेण, काट्याला सारखंच. ज्याने माल बघितला त्याचा हात हलतो." तेव्हापासून त्यांनी माल बघितला नाही. ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर जे लिहिलेलं असेल ते उतरवायचं, बाकी ट्रकमध्ये काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. या नियमाने त्यांना एकतीस वर्षं सांभाळलं, आणि या नियमानेच शेवटी दगा दिला.

बाटल्यांचे ट्रक रोज नऊ येत. चिठ्ठीवर 'काच, बाटल्या' असं असे. काटेसाहेब क्रेटचं वजन काटेकोर वजा करत आणि यादीतला नववा प्रकार लिहीत: काच. वर्षभर, एक दिवस न चुकता. तुम्ही म्हणाल, स्वतःची बहीण ज्या कारखान्यात, तिथे रिकाम्या बाटल्या धुवायला येतात हे या माणसाला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण ज्याने उभ्या आयुष्यात ताडपत्री उचलली नाही, त्याला उघड्या क्रेटमधली बाटलीही ताडपत्रीआडच राहते. घरी त्या ताईच्या बाटल्या होत्या आणि काट्यावर तो नऊ नंबरचा माल होता.

वर्ष संपलं आणि अहवाल आला. चौकातला फलक उतरला, कारण पोटातली धरली तर शहराची ऊर्जा कमी झालेलीच नव्हती, उलट थोडी वाढली होती. आणि बावीस मालांत पहिला नंबर कुणाचा, तर काचेचा. बारा हजार एकशे सेहेचाळीस टन. एवढी काच या शहरात जाते तरी कुठे, असं ज्याला त्याला वाटलं, पण आकडा तिथे छापलेला होता. अहवालात उपाय सुचवला होता: बाटल्यांच्या कारखान्याला नाक्यावरून येणारी काच बंद करावी. त्याऐवजी एकदाच वापरायच्या, पातळ, कागदासारख्या हलक्या बाटल्या आणाव्यात. हलका माल, म्हणजे टन कमी, म्हणजे पोटातली कमी. खाली एक टीपही होती. आकड्याबद्दल काही म्हणणं असेल तर नोंद करणाऱ्यानेच पंधरा दिवसांत लेखी द्यावं, इतरांचं धरलं जाणार नाही.

काटेसाहेबांनी तो अहवाल घरी आणला. खोटं कशाला सांगा, त्यांना अभिमान वाटला होता. एकतीस वर्षं त्यांचे आकडे कुठल्याशा कपाटात गेले होते, आणि आता पहिल्यांदा छापून आले होते. जेवण झाल्यावर त्यांनी ते पान ताईपुढे ठेवलं आणि म्हणाले, "बघ. एक किलो इकडचा तिकडे नाही."

ताईने पान उजेडाकडे धरून वाचलं. दोनदा वाचलं.

"धाकट्या, एवढी काच आली कुठे रे शहरात?"

"तुमच्याचकडे. रोज नऊ ट्रक."

"ती येते, तशी जाते. परत तीच येते." ताई थांबून थांबून बोलत होती, स्वतःशीच ताळा घेत असल्यासारखी. "आमच्याकडे एक बाटली आहे. तळाला बुडबुडा आहे तिच्या, तांदळाच्या दाण्याएवढा. तडा नाही म्हणून मी सोडते. या वर्षात ती माझ्यासमोरून अकरा वेळा गेली. तू तिला अकरा वेळा नवी लिहिलंस."

"मी नवी लिहिलं नाही. मी काच लिहिलं."

"हो," ताई म्हणाली. "आहे ती काचच."

एका क्षणात काटेसाहेबांना सगळं कळलं. डोकं त्यांचं चांगलंच चालायचं. त्या बारा हजार टनांतली नवी काच पाचशे टनही नसेल. बाकीची सगळी तीच ती, फिरून फिरून काट्यावर आलेली, आणि दर खेपेला त्यांनी तिला भट्टीतून नुकती बाहेर पडल्यासारखी नोंदवलेली. शहराला सगळ्यांत कमी ऊर्जेत चालवणारा जो एक कारखाना उरला होता, तोच त्यांच्या हाताने सगळ्यांत मोठा खादाड ठरला होता.

दुसऱ्या दिवशीच जाऊन सांगायला हवं होतं. ते गेले नाहीत. सकाळी निघायचे, काट्यावर जायचे आणि बसायचे. मनाशी म्हणायचे, वजन तर बरोबर आहे, माझ्या वजनात कुठे खोट आहे? असे दहा दिवस गेले. तेवढ्यात कारखान्यातल्या बायकांनी सह्या करून अर्ज दिला. उत्तर आलं की आकडा काट्याचा आहे, काट्याचा माणूस काही म्हणाला तरच विचार होईल. मालकाने तर अर्जच केला नाही. त्याला तिथे गोदाम करायचं होतं, त्याच्या दृष्टीने हे आयतंच चालून आलं.

त्या दिवसापासून बायका ताईशी जरा जपून बोलू लागल्या. काट्याचा माणूस कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. ताईने घरी येऊन यातलं काही सांगितलं नाही. धाकट्यापुढे तिने कधी हात पसरला नव्हता, तो आता तरी ती कशाला पसरेल. फक्त मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी, भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मला घरी बसवू नकोस रे. साठीच्या बाईला दुसरं काम कोण देणार? आणि मी घरी बसून बघू तरी काय?"

"उद्या जातो," काटेसाहेब म्हणाले.

गेले. हाफ डे टाकून गेले. एकतीस वर्षांत असा हा तिसरा. मॅडम दक्षिण नाक्यावर गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय येणार नव्हत्या. खिडकीतल्या कारकुनाने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. वर लिहिलं होतं: नोंद करणाऱ्याचं निवेदन. खाली एकच प्रश्न: 'नोंदवलेल्या वजनात चूक आहे काय? होय / नाही. योग्य त्यावर गोल करावा.' आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'या पानावर इतर मजकूर लिहू नये.'

काटेसाहेब बाकावर जाऊन बसले. पेन उघडलं. 'होय'वर नेलं.

वजनात चूक नव्हती. बारा हजार एकशे सेहेचाळीस टन काटा ओलांडून आले होते, हे शपथेवर सांगता आलं असतं. चूक नावात होती, प्रकारात होती, पण वजनात नव्हती. 'होय' लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं. आणि कुणासाठी? बहिणीसाठी. इतकी वर्षं ड्रायव्हर त्यांच्या खिडकीशी गयावया करून गेले होते. कुणाची बायको दवाखान्यात होती, कुणाची नोकरी जाणार होती, साहेब, दोन क्विंटल कमी लिहा, तुमचं काय जातंय. त्यांनी कुणासाठी लिहिलं नव्हतं. एकाची नोकरी खरोखर गेली होती आणि तो पुढे नाक्यावरच हमाली करताना दिसायचा. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ते चालत आले होते ते याच जोरावर की मी कुणासाठीच करत नाही. आता ताईसाठी 'होय' केलं तर तो हमाल काय म्हणेल? ताईचे सोड्याने पांढरे पडलेले हात त्यांना समोर दिसत होते, अगदी नखांसकट. त्यांनी 'नाही'वर गोल केला. मग पान उलटलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला, त्यांच्या त्या सुबक अक्षरात, सगळं लिहून काढलं: बाटल्या परतीच्या असतात, एक बाटली पंचवीसदा फिरते, प्रकार चुकीचा पडला आहे, नवी काच पाचशे टनांच्या आत आहे, कारखाना बंद करू नये. सही केली. 'मागे पाहावे' असं पुढच्या बाजूला लिहिलं नाही, कारण त्या पानावर इतर मजकूर लिहायचा नव्हता.

कारकुनाने फॉर्म घेतला, गोल कुठे आहे ते पाहिलं आणि डाव्या हाताच्या गठ्ठ्यात टाकला.

"दिलं लिहून," घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ताई पोटभर जेवली आणि वर बसून तिने इकडच्या तिकडच्या गप्पाही मारल्या.

महिन्याने निर्णय लागला. कारखाना बंद. ताई म्हणाली, "वाचलं असेल त्यांनी, पटलं नसेल." काटेसाहेब म्हणाले, "तसंच असेल." मनात मात्र त्यांना डावीकडचा गठ्ठा दिसत होता. कार्यालय काट्यापासून बसने पाऊण तास. जाऊन विचारता आलं असतं. ते गेले नाहीत, आणि का गेले नाहीत हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

कारखाना मोडायला अठरा दिवस लागले. धुलाईचं यंत्र गॅसने कापून ट्रकवर चढलं आणि काट्यावर आलं. तोपर्यंत बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद सुरू झाली होती, तेव्हा ते काटेसाहेबांनीच तोललं: भंगार, अकरा टन ऐंशी किलो. मागून बाटल्या आल्या. त्या आता बाटल्या नव्हत्या, फोडून चुरा केला होता, दूरच्या कुठल्या भट्टीत वितळवायला चालल्या होत्या. त्या ट्रकांची ताडपत्री वाऱ्याने उडत होती आणि काटेसाहेब पहिल्यांदाच खिडकीतून आत बघत बसले होते. बघून आता काय करायचं होतं, कुणास ठाऊक. त्यानंतर पातळ बाटल्यांचे ट्रक येऊ लागले. डोंगराएवढे फुगलेले, आणि वजन बघावं तर जवळपास रिकाम्या ट्रकचंच. पूर्वी नऊ यायचे, आता एकवीस येऊ लागले. काट्यावर मात्र ते काहीच भरत नव्हते.

ताईने दोन-तीन ठिकाणी कामासाठी विचारून पाहिलं. एका ठिकाणी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वय विचारलं. मग तिने विचारणं सोडलं. ती खिडकीशी बसायची. खालच्या गटारात पातळ बाटल्या साचत, त्यांच्याकडे बघत राहायची. भांडी लखलखीत, कपड्यांच्या घड्या पट्टीने आखल्यासारख्या, आणि दुपारी दोनलाच घरातलं सगळं काम संपलेलं. बोलणं कमी झालं. काटेसाहेब कामावरून आले की दोघं चहा प्यायची आणि पेले धुऊन ठेवायची, की दिवस संपला. घरात माणूस असून घर रिकामं वाटणं काय असतं, ते त्यांना त्या वर्षी कळलं.

आठ महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, मॅडम घर शोधत आल्या. सायकल जिन्याखाली लावून वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. ताईने त्यांना बसायला सांगितलं. मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला आणि हातातच धरून ठेवला.

"बाहेर जाणाऱ्या मालाचे आकडे जुळवत होते," त्या म्हणाल्या. "काचेचा ताळमेळ बसेना. कारखाना बंद झाला, काच यायची थांबली, तर शहराची पोटातली खूप उतरायला हवी होती. ती उतरली नाही, वाढली. पातळ बाटल्या हलक्या, पण त्यांच्या एका टनाच्या पोटात काचेच्या पाचपट. मग मी मागचे सगळे कागद काढले. त्यात हा सापडला."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"काका, मागच्या बाजूला तुम्ही जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे. धुतलेल्या बाटलीइतकी कमी ऊर्जा दुसऱ्या कशातच नव्हती. यादीत परतीच्या मालाचा रकाना नव्हता, तो मीच ठेवला नव्हता, ती चूक माझी. पण फॉर्म पुढून बघतात हो. 'नाही' म्हटलेले फॉर्म कुणी उलटून बघत नाही. एक 'होय' केलं असतं तर तो माझ्या टेबलावर आला असता, आणि मी त्याच दिवशी सगळं थांबवलं असतं."

ताईने विचारलं, "आता काय होईल?"

"नव्या अहवालात दुरुस्ती येईल. कारखाना हवा होता असं मी स्पष्ट लिहिणार आहे."

"आणि कारखाना?"

मॅडमनी मान खाली घातली. "यंत्रच राहिलं नाही, ताई. जागेत गोदाम आहे."

त्या चहा न घेता गेल्या. जाताना त्यांचे डोळे भरले होते. बाई भली होती, पण भलेपणाने काय होणार. त्यांची पावलं जिन्यात वाजून थांबली.

मग ताईने कागद उचलला. आधी पुढची बाजू पाहिली. 'नाही'वरचा गोल चांगला रेखीव होता. उलटून मागची बाजू तिने सावकाश, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचली.

"सगळं बरोबर लिहिलं आहेस," ती म्हणाली.

"वजनात चूक नव्हती, ताई."

"माहीत आहे मला." तिने कागद टेबलावर सरळ करून ठेवला. आवाज चढलेला नव्हता, तेच काटेसाहेबांना सोसवेना. "एकच सांग. तो गोल करताना माझी आठवण आली होती का तुला?"

नाही म्हणता आलं असतं. घाईत होतो, कारकून बघत होता, सुचलं नाही, असलं काहीही म्हणता आलं असतं, आणि ताईने ते आयुष्यभर सांभाळून ठेवलं असतं. पण काटेसाहेबांना त्यातलं काहीच येत नव्हतं.

"आली होती," ते म्हणाले. "आली म्हणूनच 'नाही' केलं."

ताईने हळूहळू मान हलवली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. काटेसाहेब बाहेर बसून राहिले. आत रडण्याचा आवाज येईल म्हणून ते कान देऊन होते, पण कसलाच आवाज आला नाही.